ओटा मिळाला, चौकट कोणाची?

इतिहासात दरवाजे येतात ते किल्ल्यांचे. वस्तीतल्या दाराचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो आपणच लिहायचा.

गावगाड्यात सुतार बलुतेदार, महारही बलुतेदार. पण अस्पृश्यानं कौलारू घर बांधणं हाच गावाच्या लेखी गुन्हा, असं बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. जिथं कौल खपत नव्हतं, तिथं सागवानी चौकटीचं काय बोलता!

३ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या चारही दरवाज्यांवर आपली माणसं बसली. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष, पंचवीस बाया. दारं बंद. वर्षामागून वर्षं लढा चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी त्या धर्माकडंच पाठ फिरवली. २५ डिसेंबर १९५४ ला निगडीशेजारी देहूरोडला त्यांच्या हातून बुद्धमूर्ती बसली. दुसऱ्याचं दार ठोठावणं संपलं. आपलं दार उभं राहिलं.

आता निगडी. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ ला आलं, २०२१ ला विलीनही झालं. पण ओटास्कीम हे वस्तीचं नाव राहिलं. नावातच इतिहास आहे. सरकारनं ओटा द्यायचा. भिंती, दारं-खिडक्या ज्याच्या त्यानं उभ्या करायच्या.

ते काम सोपं नसतं. आधी चौकट उभी करून टेकू द्यायचा. ओळंबा सोडायचा, गुण्या लावून कोपरे बघायचे, मग भिंत चढवायची. भिंतीकडच्या लाकडाला डांबर फासायचं, नाहीतर वाळवी लागते. होल्डफास्ट सिमेंटात पक्के गाडायचे. सूतभर फरक राहिला तरी दार घासतं, नाहीतर आपोआप उघडतं. खिडक्या समोरासमोर असल्या तर चुलीचा धूर निघून जातो. आणि आतून कडी लागली की बाईला अंघोळीसाठी अंधाराची वाट बघावी लागत नाही. ही कडी छोटी गोष्ट नाही.

चौकट उभी करताना अजून कुठं कुठं भट बोलावतात, मुहूर्त काढतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करणार नाही, ही त्यातलीच एक. चौकटीला ओळंबा लागतो, मुहूर्त लागत नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, वही घेऊन वस्तीत जा. म्हाताऱ्यांना विचारा: लाकूड कुठनं आणलं? चौकट कोणी बसवली? घराच्या कागदावर नाव कुणाचं? बाईचं का नाही? सगळं लिहून घ्या. उद्या घर पाडायला कोणी आलं तर दार बोलणार नाही, कागद बोलेल.

जयभीम!