घोडी की खच्ची घोडा : लहान कळपाची निवड (पिंपरी-चिंचवड–चाकण पट्टा)

दोन ते पाच जनावरांचा घरगुती कळप बाळगताना घोड्या ठेवाव्यात की खच्ची केलेले नर, हा अश्वपालनातला जुना वाद. अंडील घोडा, म्हणजे खच्ची न केलेला नर, अशा कळपात नसावा याबद्दल अनुभवी पालकांत फारसे दुमत नाही. त्याला वेगळा ठाण, भक्कम कुंपण आणि रोज हाताळणारा जाणता माणूस लागतो, आणि एवढे करून माद्या जवळपास असल्या की तो कामात लक्ष देत नाही. वाद उरतो तो बाकीच्या दोघांचा. पुणे जिल्ह्यात हवेली, खेड व मावळ या तालुक्यांच्या ज्या भागावर आज कारखाने उभे आहेत तिथे मात्र हा वाद चर्चेने सुटलेला नाही. तो बैलगाड्याच्या घाटाने आणि लग्नाच्या वरातीने परस्पर सोडवला आहे. निकाल घोडीच्या बाजूने लागला. तो पूर्ण बरोबर आहे असे मात्र म्हणता येत नाही.

घाटातली घोडी. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर, शिरूर या भागातली बैलगाडा शर्यत सातारा-सांगलीकडच्या शर्यतीपेक्षा वेगळी असते. गाड्यावर हाकणारा बसत नाही. कांडं आणि जुकाट अशा बैलांच्या दोन जोड्या गाडा घेऊन चढणीच्या धावपट्टीवरून, म्हणजे घाटातून, सुटतात आणि त्यांची वेळ सेकंदांत मोजली जाते. या चौघांच्या पुढे स्वारासह एक घोडी पळते. बैलांना सरळ रेषेत ओढून नेणे हे तिचे काम. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी, आणि बारीपुढे स्वार होऊन धावणे म्हणजे ‘घोडी धरणे’. खासदार अमोल कोल्हे यांनी 16 फेब्रुवारी 2022 रोजी, माघ पौर्णिमेच्या यात्रेत, निमगाव दावडीच्या घाटात घोडी धरली तेव्हा हा शब्द शहरी वाचकांपर्यंत पोचला. घाटाच्या गावांत तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

या कामासाठी घोडीच का? चांगली घोडी खुणेसरशी सुटते, मागून चार बैल येत असताना आडवी होत नाही आणि माथ्यावर गर्दीत शिरण्याआधी थांबते. यातला एकही गुण मादीची मक्तेदारी नाही. खरे कारण घाटाच्या बाजूच्या शेतात दिसते. यात्रेच्या दिवशी तिथे अनेक मालकांची जनावरे शेजारी-शेजारी बांधलेली असतात. त्यांत एक अंडील घोडा आला की तो खिंकाळतो, पुढचे पाय उचलतो, अगाडी-पिछाडी तोडू पाहतो. सगळ्यांनीच घोड्या आणल्या तर हा प्रश्न उद्भवत नाही. खच्ची घोड्यांनीही तो उद्भवला नसता. काही सेकंदांच्या धावेत घोडी आणि खच्ची यांच्या वेगात मोजण्याजोगा फरक पडावा असे शरीरशास्त्रात काही नाही. पण शर्यतीची भाषाच ‘घोडी’ म्हणते, आणि भाषेने ठरवलेली गोष्ट बाजारभावात उतरायला वेळ लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 7 मे 2014 च्या निकालाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आली. राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली तरी घाट बंदच राहिले. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. मधल्या वर्षांत घाटाच्या बैलाला त्याच्या तोलाचे दुसरे काम नव्हते. घोडीला वरात होती. मे 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतच, चिखलीला, मोठी शर्यत भरली. कारखान्यांच्या शेजारी घाट भरतो याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही. चिखली, मोशी, चऱ्होली, तळवडे ही 1997 मध्ये महापालिकेत आलेली गावे आहेत. त्याआधी ती शेतीचीच होती.

वरातीचे काम अधिक अवघड. नवरदेव घोडीवर बसतो. त्याला बसायची सवय नसते, पुढे डीजे असतो, पायाशी फटाके फुटतात आणि बाजूने चाकण-तळेगाव रस्त्यावरचे कंटेनर जात असतात. इथे जनावराचे लिंग फार पुढे येत नाही. दोन-तीन हंगाम गर्दीत सरावलेले, सावकाश चालणारे, वयस्क जनावर हवे. पांढऱ्या रंगाला, विशेषतः नुकऱ्याला, मागणी असते. घोडी हा संकेत आहे. झूल पांघरल्यावर वऱ्हाडी खाली वाकून खात्री करत नाहीत हे व्यवसायातल्या कोणालाही ठाऊक आहे.

माज आणि हंगाम. घोडीविरुद्धचा नेहमीचा आक्षेप तिच्या लहरीपणाचा. त्यातला बराच भाग माजाचा आहे आणि तो समजून घेता येतो. घोडीचे ऋतुचक्र साधारण 21 ते 22 दिवसांचे असते. त्यांतले पाच ते सात दिवस ती माजावर असते. त्या काळात ती वारंवार लघवी करते, शेपूट बाजूला धरते, शेजारच्या घोड्याकडे ओढ घेते; एखादी कूस हाताळू देत नाही, एखादीत काहीच बदल जाणवत नाही. दिवस मोठा होऊ लागला की ही चक्रे सुरू होतात. युरोपात हिवाळ्यात बहुतेक घोड्यांत ती थांबतात. चाकण मात्र 19 अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित खाली आहे. इथला सर्वांत लहान दिवसही सुमारे 11 तासांचा असतो. त्यामुळे आपल्याकडे काही घोड्या थंडीतही माजावर येतात, आणि इंग्रजी पुस्तकांतले ‘हिवाळ्यात घोडी शांत’ हे गणित इथे बसत नाही.

अडचण अशी की माजाचा जोराचा काळ आणि कामाचा हंगाम एकच. गावोगावच्या यात्रा माघापासून वैशाखापर्यंत, लग्नाच्या तिथी त्याच महिन्यांत. घरात दोनच घोड्या असतील आणि दोन्ही वरातीला जात असतील, तर माजाच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवणे हा फुकटचा आणि सर्वांत उपयोगी उपाय. त्रास फारच असेल तर घोडीच्या स्वभावाला दोष देण्याआधी अंडाशयाची तपासणी करून घ्यावी. तिथली गाठ हे अतिआक्रमकतेचे एक ज्ञात कारण आहे.

खच्ची घोडा. मराठीत ‘खच्ची करणे’ याचा लाक्षणिक अर्थ उमेद मोडणे असा रूढ आहे, आणि या जनावराबद्दलची नावड बरीचशी तिथून येत असावी. प्रत्यक्षात खच्ची घोड्याची उमेद मोडत नाही. वृषणे काढल्यावर नर संप्रेरक झपाट्याने उतरते आणि रोजचा स्वभाव सारखा राहतो. आज एक, उद्या दुसरा, असा अनुभव कमी येतो. नवशिक्या स्वाराला, मुलांच्या रपेटीला, दोन जनावरे शेजारी बांधायला तो सोयीचा. जगभरच्या स्वारीशाळांत तो भरपूर दिसतो. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींतून निवृत्त झालेले काही घोडेही खच्ची झाल्यावरच खासगी तबेल्यांत रुळतात. लवकर खच्ची केलेल्या नराची हाडे थोडी उशिरा पक्की होतात, म्हणून तो किंचित उंच निघतो आणि मानेला अंडील घोड्याचा भरदारपणा येत नाही. दिखाऊपणात तो मागे पडतो तो इथेच.

तोटेही आहेत. उशिरा, माद्यांचा अनुभव घेतल्यावर खच्ची केलेल्या काही नरांत माद्यांना हाकणे, राखणे, इतरांवर धावणे हे वागणे उरते. मूतखड्याचा त्रास नरांत अधिक, कारण घोडीची मूत्रनलिका आखूड व रुंद असते. शिश्नाच्या कोशात साचणारा मळ अधूनमधून धुवावा लागतो, आणि हे काम बहुतेक मोतद्दार टाळतात.

कळप कसा जुळतो. ‘घोड्या भांडतात, खच्ची खेळतात’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. त्याला आधार कमी आहे. घोड्यांना लिंगानुसार वेगळे ठेवल्याने भांडणे व जखमा कमी होतात का, याचा नॉर्डिक देशांतला एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या घोड्या, नुसते खच्ची आणि मिश्र गट यांत म्हणावा असा फरक आढळला नाही. कळप बिघडतो तो सतत आत-बाहेर करणाऱ्या जनावरांमुळे. हंगामापुरती घोडी आणायची, संपला की विकायची, पुढच्या वर्षी दुसरी, ही आपल्याकडची पद्धत म्हणूनच महागात पडते. प्रत्येक नव्या जनावराबरोबर दावणीचा क्रम पुन्हा ठरतो, आणि तो लाथांनी ठरतो.

जागा हा यातला मोठा भाग. दोन जनावरे एकमेकांना टाळू शकतील एवढी मोकळी जागा असेल तर कुठलाही मेळ चालतो. चाकणला 1990 च्या दशकापासून औद्योगिक क्षेत्र वाढले. भोसरी-पिंपरीचे त्याआधीचे; हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पिंपरीचा कारखाना 1954 चा. गायराने आणि पडीक रान गेले, घोडे गोठ्याच्या पत्र्याखाली आले. दिवसभर बांधून ठेवलेली घोडी चिडकी असते आणि दिवसभर बांधलेला खच्चीही. त्याचे खापर लिंगावर फोडणे हा सोपा मार्ग.

शिंगराचा हिशेब. घोडीच्या बाजूचा सर्वांत जोरकस युक्तिवाद असा की ती स्वतःची जागा भरून काढते. भीमेच्या खोऱ्यातल्या धनगरांच्या वाड्यात घोडी बिऱ्हाड वाहते, शिंगरू तिच्या मागोमाग चालते आणि दोन-तीन वर्षांत स्वतः ओझे उचलू लागते. सुमारे 130 सेंटिमीटर उंचीचे, कमी चाऱ्यावर टिकणारे हे भीमथडी तट्टू आता करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदले गेले आहे. भीमा खेड तालुक्यातूनच वाहते, राजगुरुनगर तिच्याच काठी आहे; तरी या पट्ट्यात हौसेने घोडा घेणारे मारवाडी, काठियावाडी किंवा नुकरा शोधत अकलूज नाही तर सारंगखेड्याचा बाजार गाठतात. लहान जागेला भीमथडी घोडी अधिक शोभली असती, असे या नोंदीचे मत.

मात्र धनगराचा हिशेब एमआयडीसीच्या कडेला राहणाऱ्याला लागू होत नाही. धनगराला शिंगरू वाटेतल्या रानावर वाढते. इथे प्रत्येक पेंढी विकत घ्यायची. तीनशे किलोच्या जनावराला रोज सहा-सात किलो कोरडा चारा लागतो. गाभणकाळ सुमारे 340 दिवसांचा. शेवटचे तीन महिने आणि पुढचे दूध पाजण्याचे महिने दाणावैरण वाढवावी लागते, आणि त्या काळात घोडी कामाला उपयोगी नसते. एक वेत म्हणजे साधारण एक पूर्ण हंगाम बुडाला. निम्मी शिंगरे नर निघणार. घाटाला आणि वरातीला घोडी हवी म्हणणाऱ्या पट्ट्यात त्या नरांचे काय होते, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. बाजारात अंडील शिंगराला शौकीन गिऱ्हाईक मिळण्याची आशा असते म्हणून ते खच्ची केले जात नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही की दोन वर्षांनी दावणीला एक अवघड, दणकट घोडा उभा असतो.

म्हणून या भागातल्या लहान कळपासाठी शिफारस करायची तर ती अशी : घाट किंवा वरात हे उत्पन्न असेल तर दोन प्रौढ घोड्या, आणि त्यांना सोबत म्हणून एक खच्ची घोडा. तो एका घोडीच्या माजाच्या दिवसांत वरात सांभाळतो आणि दुसरी बाहेर गेली की मागे राहिलेलीला एकटे वाटू देत नाही. घरातल्या मुलांनी शिकावे एवढाच हेतू असेल तर दोन खच्ची पुरे. पैदास करायची नसेल तर घोडी भरवण्याचा मोह टाळावा. शेजाऱ्याचा उमदा घोडा फुकट मिळतो हे कारण पुरेसे नाही. आळंदीच्या पालखी सोहळ्यात अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व चालत येतात, लाखोंच्या गर्दीत रिंगण धावतात. ते वर्षभर त्याच सेवेसाठी सांभाळलेले असतात, पिढीजात माणसांच्या हातात. त्यांच्याकडे बघून ‘घोडा गर्दीत असाच शांत असतो’ असे धरून चालणे धोक्याचे.

जनावर घेताना लिंगापेक्षा आधी पाहायच्या गोष्टी : शेंबा रोगाची (ग्लँडर्स) रक्तचाचणी, दात पाहून वय, चारही खूर, आणि बँडजवळ उभे करून प्रत्यक्ष चाचणी. खच्ची म्हणून विकल्या जाणाऱ्या घोड्याच्या बाबतीत आणखी एक. एखादे वृषण पोटातच अडकलेले असू शकते. बाहेरून खच्ची दिसणारा असा घोडा वागतो मात्र अंडीलासारखा. शंका असल्यास संप्रेरकाची रक्ततपासणी होते.

खच्ची करण्याचे वय साधारण सहा महिने ते दोन वर्षे, दोन्ही वृषणे खाली उतरल्यावर. काम पशुवैद्यकाने भूल देऊनच करावे. गावठी पद्धतीने चेपण्याला आज समर्थन नाही. धनुर्वाताची लस आधी झालेली असावी, कारण घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो. आपल्याकडे दिवाळीनंतरची कोरडी थंडी त्याला योग्य : माश्या कमी, जखम चिघळत नाही. नंतर रोज चालवावे, नाहीतर सूज उतरत नाही. नलिकांत राहिलेल्या बीजामुळे तो काही आठवडे घोडी गाभण करू शकतो, तेव्हा निदान महिना-दीड महिना त्याला घोड्यांपासून दूर बांधावे. कार्तिकात खच्ची केलेला घोडा माघाच्या यात्रेपर्यंत कळपात सोडता येतो.