महावग्गातील हळद

शनिशिंगणापुरी शिळेवर जे तेल वाहिले जाते, त्याचे विनयातील स्थान औषधाचे आहे. श्रावस्तीत शरद ऋतूतील आजाराने कृश झालेल्या भिक्खूंना भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच भैषज्ये अनुज्ञात केली. ती सात दिवसच जवळ ठेवता येत. महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात पुढे हलिद्दी, सिंगिवेर म्हणजे आले, पिप्पली, मरिच, हिंगु यांची भर पडते. (इंग्रजी 'जिंजर' सिंगिवेराच्याच कुळातला.) हे जिन्नस मात्र आजन्म बाळगता येत, कारणावाचून सेवन केल्यास दुक्कट आपत्ती. हळदीला पूजाद्रव्य मानणाऱ्यांनी हे स्थळ अवश्य पाहावे, असे आम्हांस वाटते. तीच हळद कालवणात पडली की अन्न ठरते आणि मध्यान्हानंतर भिक्खूला वर्ज्य होते.