विरुद्धार्थी शब्दांची परीक्षा
अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशासाठी घेतली जाणारी जी. आर. ई. ही परीक्षा १९३६ साली कार्नेगी प्रतिष्ठान व पूर्वेकडील चार विद्यापीठे यांच्या प्रयत्नांतून निघाली. १९४८ पासून ती एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसकडे आली. पुढे कित्येक दशके तिच्या इंग्रजी विभागात उताऱ्यांच्या आकलनाबरोबरच विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असत. वाक्याविना एकटा शब्द, आणि त्याखाली पाच पर्याय. साहजिकच याद्यांच्या पाठांतरालाच अभ्यास समजले जाऊ लागले. भारतीय विद्यार्थ्यांनाही हा मार्ग मानवला. जेथे अमरकोश मुखोद्गत करीत, तेथे त्याचे नवल ते काय!

परंतु विरोध हा शब्दाचा नव्हे, तर त्याच्या विवक्षित अर्थाचा धर्म होय. ‘थंड’ पाण्याला ‘गरम’ विरुद्ध, ‘थंड’ माणसाला ‘तडफदार’. इंग्रजी ‘सँक्शन’ तर मंजुरीही सांगतो आणि निर्बंधही. यापैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे ठरविण्यास संदर्भावाचून दुसरे साधन नाही. प्रश्नात मात्र ते पर्यायांवरून ताडावे लागे. म्हणजे भाषाज्ञानाइतकीच तेथे तर्कबाजीचीही कसोटी होती.

ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षेचे स्वरूप बदलले, तेव्हा हा प्रश्नप्रकार वगळण्यात आला. उताऱ्यांचे आकलन राहिले, व वाक्यातील संदर्भावरून शब्द निवडण्याच्या प्रश्नांचे क्षेत्र वाढले. याद्यांचे पाठांतर मात्र त्यानंतरही चालूच राहिले.