वेर्थरचा निळा कोट

लोकप्रिय कादंबऱ्या तरुणांना वाममार्गाला लावतात, असा आक्षेप जेव्हा जेव्हा घेतला जातो तेव्हा ‘तरुण वेर्थरची दुःखे’ ह्या जर्मन कादंबरीचा दाखला हटकून दिला जातो. ती १७७४ साली लाइप्झिग येथे प्रसिद्ध झाली. तिचा लेखक गटे त्या वेळी अवघा २५ वर्षांचा होता. दुसऱ्याशी विवाह ठरलेल्या लोटेवर जीव जडलेला वेर्थर अखेरीस आत्महत्या करतो, एवढेच तिचे कथानक. ती वाचून तरुणांत आत्महत्यांची साथ पसरली, असे पुढे वारंवार सांगितले गेले. हे विधान जितके प्रचलित आहे तितके साधार नाही.

साधार आहे ते निराळेच. तरुण वाचकांनी वेर्थरचा निळा कोट व पिवळे जाकीट उचलले. काहींनी वेट्सलारला जाऊन येरुसलेम नामक तरुणाच्या थडग्याचे दर्शन घेतले. ह्या तरुणाने विवाहित स्त्रीवरील निष्फळ प्रेमापायी १७७२ साली आत्महत्या केली होती. तिचा वृत्तांत गटेला केस्टनर ह्या स्नेह्याने लिहून कळविला. निळा कोट व पिवळे जाकीट त्या वृत्तांतातलेच. मेजावर उघडे पडलेले लेसिंगचे ‘एमिलिया गालोत्ती’ हे नाटकही. म्हणजे हा पोशाख वास्तवातून कादंबरीत गेला आणि कादंबरीतून पुन्हा रस्त्यावर आला.

ह्या अनुकरणाचे मर्म कादंबरीतच सापडते. वादळ ओसरत असता खिडकीशी उभी असलेली लोटे ‘क्लोपश्टोक’ एवढे कवीचे नाव उच्चारते, आणि तिला काय अभिप्रेत आहे ते वेर्थरला तत्क्षणी उमगते. विशेषनाम येथे संपूर्ण वाक्याचे काम करते. मात्र त्या कवीच्या चाहत्यांपुरतेच. निळा कोट ही अशीच खूण होती. ‘मी दुःखी आहे’ ह्यापेक्षा ‘मी हे पुस्तक वाचले आहे’ हाच तिचा अर्थ अधिक.

अधिकाऱ्यांना हा भेद दिसला नाही. १७७५ साली लाइप्झिगच्या नगरपरिषदेने धर्मशास्त्र विद्याशाखेच्या मागणीवरून पुस्तकावर बंदी घातली, आणि तिच्याबरोबर पोशाखावरही! त्याच वर्षी निकोलायने विडंबन लिहून वेर्थरला जगविले व लोटेशी त्याचे लग्न लावून दिले. गटेला ते मुळीच रुचले नाही. तथापि नव्या आवृत्तीत वेर्थरचे अनुकरण न करण्याचा इशारा देणाऱ्या ओळी त्याने स्वतःच घातल्या. भीती लेखकालाही शिवली होती, हे नाकारता येत नाही.

१७७८ च्या जानेवारीत वायमार येथे क्रिस्टल फॉन लासबर्ग ही तरुणी इल्म नदीत बुडून मरण पावली. तिच्याजवळ ही कादंबरी होती, असे सांगतात. अशा तुरळक हकीकती खऱ्या धरल्या तरी त्यांवरून साथ सिद्ध होत नाही.

तरीही समजूत टिकली, आणि तिला शास्त्रीय परिभाषेत स्थान मिळाले. वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी झळकल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण वाढते, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली आकडेवारीने दाखविले व त्यास ‘वेर्थर परिणाम’ हे नाव दिले. वृत्तपत्रांविषयीचा हा पुरावा गंभीरपणे घ्यावा असाच आहे. नावामुळे मात्र दोष कादंबरीच्या पदरात पडला. फिलिप्स यांनी मोजल्या त्या बातम्या, कादंबरीचे वाचक नव्हेत.