कैची-बंध

छताची कैची (⟶ कैची) दगड, वीट वा काँक्रीट ठोकळ्यांच्या भिंतीला जखडणारा धातूचा जोड. पूर्वी कैची स्वतःच्या व कौलांच्या भाराने भिंतीवर टिके. फार तर खिळे तिरके ठोकले जात. हलके पत्रे आल्यावर हा आधार अपुरा ठरला. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळात फ्लॉरिडात असंख्य छते उडाली आणि तेथील बांधकाम नियम कडक झाले.

वाहता वारा छताला वर ओढतो. भारतीय मानक ८७५ (भाग ३) नुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग ४४ मी./से. धरतात, ०.६ × वेग² या सूत्राने त्याचा दाब चौ. मीटरला सुमारे १,१६० न्यूटन येतो. पत्र्याचे वजन मात्र चौ. मीटरला जेमतेम ५० न्यूटन. हा फरक बंधाला पेलावा लागतो.

बंध बहुधा जस्तलेपित पोलादी पट्टीचा असतो. त्याचे खालचे टोक भिंतीच्या माथ्यावरील सलोह काँक्रीटच्या पट्ट्यात, काँक्रीट ओले असतानाच रोवतात. वरचे टोक कैचीवरून वळवून खिळ्यांनी पक्के करतात. जुन्या भिंतीत भोक पाडून बोल्ट बसवतात. नुसत्या वरच्या विटेत रोवलेला बंध विटेसकट उपटतो, म्हणून बंधापेक्षाही त्याखालचा पट्टा महत्त्वाचा. लाकूड ओल्या भिंतीला टेकून कुजू नये यासाठी मध्ये धातूची बैठक देतात. खाऱ्या हवेत अगंज पोलाद योग्य (⟶ गंजणे).

भूकंपात हाच जोड कैची भिंतीवरून घसरू देत नाही (⟶ भूकंपरोधक बांधकाम). कोकण किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळाने (३ जून २०२०) घरांची छपरे मोठ्या प्रमाणावर उडाली. तेथील पत्र्याच्या घरांना या जोडाची विशेष गरज आहे.