करदाता आणि रहिवासी : मुंबईच्या नगरकारभारातील लोकसहभाग

मुंबईच्या नगरकारभारात सामान्य रहिवाशाला जो शिरकाव मिळाला, तो मुळात करदाता म्हणून मिळाला, आणि या उगमाची खूण त्या सहभागावरून आजही पुसली गेलेली नाही. १८६५ च्या कायद्याने शहराची सूत्रे म्युनिसिपल कमिशनरच्या हाती एकवटली. त्या पदावरील आर्थर क्रॉफर्ड यांनी रस्ते, गटारे व मंडई उभारताना खर्चाला धरबंध ठेवला नाही, तेव्हा शेअरबाजाराच्या पडझडीने आधीच पोळलेले घरमालक आणि व्यापारी १८७१ मध्ये उघड विरोधात उभे ठाकले. त्या चळवळीतून १८७२ चा कायदा आला आणि ६४ सभासदांपैकी ३२ जण करदात्यांनी निवडून द्यावेत असे ठरले. आजही सुधारित रूपात लागू असलेल्या १८८८ च्या कायद्याने सभासदसंख्या ७२ केली, तरी ज्याच्या श्रमावर शहर चालत होते तो चाळीतला गिरणीकामगार मतदारयादीबाहेरच राहिला. १९२२ मध्ये काही भाडेकरूंना मताधिकार मिळाला. सर्व प्रौढांना तो मिळण्यास १९४८ ची निवडणूक यावी लागली.

७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे ठरावीक प्रभागांचा कारभार पाहणारी मंडळे, बंधनकारक केली. महाराष्ट्रात मात्र त्यांवर नगरसेवकांखेरीज सामाजिक संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद झाली, तीही नगरसेवकांच्या निवडीने. लाखोंच्या वस्तीसाठी ही वाट फारच अरुंद होती.

खरी हालचाल गल्लीतून झाली. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओला व सुका कचरा वेगळा करण्यास आरंभ केला आणि महापालिकेने त्याच धर्तीवर प्रगत परिसर व्यवस्थापन, अर्थात एएलएम, ही योजना शहरभर नेली. एका गल्लीतील सोसायट्यांनी समिती स्थापून विभाग कार्यालयाकडे नोंदवावी, कचऱ्याची जबाबदारी वाटून घ्यावी आणि अधिकाऱ्यांशी नियमित बैठकीत बोलावे, अशी तिची रचना होती. ज्या कार्यालयात नागरिकाला एरवी खेटे घालावे लागत, तिथे त्याला बसायला खुर्ची मिळाली, ही मिळकत लहान नव्हे. परंतु ती सोसायट्यांची, म्हणजे पुन्हा मालमत्ताधारकांची होती. झोपडवस्त्यांसाठी महापालिकेने दत्तक वस्ती योजना आखली. तिथला रहिवासी बैठकीत गाऱ्हाणे मांडणारा नागरिक न ठरता मानधनावर आपल्याच वस्तीची साफसफाई करणारा स्वयंसेवक ठरला.