भक्तपूरचे चौक
भक्तपूरचे चौक : नेपाळच्या काठमांडू खोऱ्यातील भक्तपूर नगरातील विटांनी फरसबंद केलेल्या सार्वजनिक मोकळ्या जागा. तिबेटच्या व्यापारी मार्गावरील शेतकरी खेडी जुळून हे नगर घडले. पुढे ते मल्ल राजांची राजधानी झाले (पहा : मल्ल घराणे). खेडी जुळून नगर घडल्यामुळे आळीगणिक लहानमोठे चौक आढळतात. चौकात देऊळ, धर्मशाळेवजा पाटी व पाणवठा असतो. सुगीत नेवार शेतकरी (पहा : नेवार) येथे भात वाळवतात, उफणतात, तर कुंभारचौकात कुंभार कच्ची मडकी उन्हात मांडून पेंढ्याच्या भट्टीत भाजतात. तौमढी चौकात पाच छपरांचे न्यातपोल मंदिर (१७०२) असून बिस्केट जत्रेचा रथ तेथून ओढतात. खळे, बाजार व जत्रा यांसाठी एकच जागा वापरण्याची ग्रामीण रीत येथे टिकून आहे. येथील दरबार चौक १९७९ पासून जागतिक वारसा स्थळात समाविष्ट आहे.